आधी साध्य, मग सिद्धता

लाखनी तालुक्यातल्या एका खेड्यात दहावीच्या मुलांना मी इंग्रजी परिच्छेद शिकवत होतो. विषय मुलांनीच निवडला होता: गावचा तलाव. भंडारा जिल्ह्यात तलाव नाही असं गाव शोधायला वेळ लागेल, त्यामुळे सगळ्यांकडे लिहायला भरपूर होतं. एका मुलीने लिहिलं होतं: ‘आय लिव्ह इन अ स्मॉल व्हिलेज. देअर इज अ टँक नियर माय व्हिलेज. माय ग्रँडफादर सेज इट इज व्हेरी ओल्ड. इन जून द रेन कम्स. पीपल ग्रो पॅडी. चिल्ड्रन स्विम इन द टँक. नाऊ देअर इज मच सिल्ट इन इट. सो द टँक ड्राइज अप इन मार्च.’

व्याकरण जवळजवळ बरोबर, स्पेलिंग नीट. तरीही वाचताना मला सात वाक्यांपर्यंत कळत नव्हतं की ही मुलगी मला कुठे घेऊन चालली आहे. आजोबांची गोष्ट येणार, पोहण्याची मजा येणार की धानाच्या शेतीबद्दल काही येणार? आठव्या वाक्यात उलगडा झाला. तलाव मार्चमध्येच आटतो आणि त्याला कारण गाळ आहे. तिला हेच सांगायचं होतं. मी त्या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली आणि म्हटलं, हे उचलून सगळ्यात वर ठेव.

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, “सर, पयलेच सांगून टाकलं तं मंग पुढचं कोण वाचंल?”

इंग्रजी परिच्छेद लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या मनातली अडचण या प्रश्नात आहे. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं.

इंग्रजीत ज्याला टॉपिक सेंटेन्स म्हणतात, ते परिच्छेदाचं म्हणणं एका वाक्यात सांगणारं वाक्य. बहुधा ते पहिलं असतं. बाकीची वाक्यं त्याला आधार देतात: कारण सांगतात, उदाहरण देतात, आकडा देतात. आता ‘टॉपिक’ या शब्दामुळे एक गैरसमज होतो. मुलांना वाटतं की विषयाचं नाव आलं म्हणजे काम झालं. आपल्या अर्जांनी ही समजूत पक्की केली आहे. तहसील कार्यालयात द्यायचा अर्ज असो की शाळेतून दाखला मागायचा, वर ठळक अक्षरांत ‘विषय’ लिहायचा आणि ओळ ‘बाबत’ या शब्दावर संपवायची: ‘तलावातील गाळ काढण्याबाबत’. अर्जासाठी ही ओळ फार उपयोगी आहे. कारकुनाला फाइल कुठल्या कप्प्यात ठेवायची ते कळतं. पण गाळाबाबत काय? काढावा की काढू नये, काढला तर कोणाचं भलं, कोणी काढायचा? ‘बाबत’ मध्ये क्रियापद नाही, म्हणून त्यात म्हणणंही नाही. टॉपिक सेंटेन्समध्ये विषय हवा आणि त्या विषयाबद्दल आपलं विधान हवं. ‘अवर टँक’ हा विषय झाला. ‘अवर टँक ड्राइज अप बाय मार्च बिकॉज इट इज फुल ऑफ सिल्ट’ हे विधान झालं. हे खरं की खोटं, कोणी विचारू शकतं, कोणी वादही घालू शकतं, आणि पुढची वाक्यं ते सिद्ध करून दाखवू शकतात.

1908 साली भंडारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर निघालं. त्या काळच्या मध्य प्रांतांच्या गॅझेटियरांत परिच्छेदांना क्रमांक असत आणि शेजारी बारीक अक्षरांत त्या परिच्छेदाचा विषय छापलेला असे. घाईतल्या साहेबाला हवी ती माहिती चटकन सापडावी म्हणून ही सोय. तो समासातला मथळा म्हणजे आपल्या अर्जातली ‘बाबत’ची ओळच. कोशासारख्या पुस्तकाला तेवढं पुरतं, पण ज्याला काही पटवून द्यायचं आहे त्याला ते पुरत नाही.

मग आपली मुलं विधान शेवटी का ठेवतात? आळसाने नाही. आपल्या बोलण्याची रीतच तशी आहे. गावाकडे कोणी कामासाठी घरी आलं तर दारातून काम सांगत नाही. बसतो, पाणी पितो, रोवणी झाली का विचारतो, पाऊस कसा दडी मारून बसलाय ते बोलतो, आणि उठता उठता म्हणतो, “बरं, ते बैलजोडी दोन दिवस भेटंल का?” आल्या आल्या बैलजोडी मागणं उर्मटपणाचं दिसतं. जुन्या पत्रांतही हीच रीत. आधी नमस्कार, क्षेमकुशल, आणि मग ‘विनंती विशेष’ असे शब्द आले की वाचणारा सावध व्हायचा, कारण खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. आपलं वाक्यसुद्धा असंच बांधलेलं असतं. ‘गाळ भरल्यामुळे आमच्या गावचा तलाव मार्चमध्येच’ एवढं म्हणून थांबा, ऐकणारा वाट पाहत राहतो. क्रियापद शेवटी येतं आणि मगच अर्थ पूर्ण होतो. इंग्रजी वाक्यात कर्त्यामागोमाग क्रियापद येऊन जातं. वाक्याच्या घडणीवरून परिच्छेदाची घडण ठरते, असं मी म्हणणार नाही. पण वाट पाहण्याची सवय मराठी कानाला आहे आणि इंग्रजी वाचकाला ती कमी आहे, एवढं शिकवताना रोज दिसतं.

अभ्यासकांनीही या फरकाकडे पाहिलं आहे. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1966 साली एक लेख लिहिला. वेगवेगळ्या भाषांतून आलेले विद्यार्थी इंग्रजी परिच्छेद वेगवेगळ्या वळणांनी लिहितात, असं त्यात म्हटलं होतं. सोबत रेखाचित्रं होती: इंग्रजीसाठी सरळ खाली जाणारी रेघ, पूर्वेकडच्या भाषांसाठी आत आत वळत जाणारी गोलाई. ही चित्रं फार गाजली आणि तेवढीच टीकेची धनीही झाली. सगळ्या पूर्वेला एका गोल रेघेत बसवायचं आणि इंग्रजीची तेवढी रेघ सरळ, हा अन्याय होता, आणि ही टीका मला मान्य आहे. पण 1983 मध्ये खास मराठीबद्दल एक अभ्यास आला. इलिनॉय विद्यापीठात शिकवणाऱ्या राजेश्वरी पंढरीपांडे यांनी मराठी आणि इंग्रजी लेखनाच्या बांधणीची तुलना केली. इंग्रजी परिच्छेद रेषेसारखा पुढे जातो आणि मराठी परिच्छेद वर्तुळासारखा फिरून येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडचं वैचारिक लेखन वाचताना हे लगेच पटतं. आधी शंका मांडायची, पूर्वपक्ष उभा करायचा, त्याला न्याय द्यायचा, मग उत्तरपक्ष करून निर्णयाला यायचं. यात दोष काही नाही. वाचणाऱ्याला बरोबर घेऊन चालण्याची ही सुंदर पद्धत आहे. फक्त परीक्षेतल्या सहा-आठ वाक्यांच्या इंग्रजी परिच्छेदात तेवढं चालायला जागा नसते.

आणि म्हणणं आधी मांडायची रीत आपल्याला परकी आहे, हेही खरं नाही. न्यायशास्त्रात अनुमान मांडण्याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पहिली प्रतिज्ञा. पर्वतावर अग्नी आहे, हे आधीच सांगून टाकायचं. मग हेतू: कारण तिथे धूर दिसतो. मग उदाहरण: जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. मग तो नियम या पर्वताला लावायचा आणि शेवटी, म्हणून पर्वतावर अग्नी आहे, असं पुन्हा म्हणायचं. आज इंग्रजीच्या वर्गात परिच्छेदाचा जो साचा शिकवतात, विधान, कारण, उदाहरण आणि समारोप, तो यापासून फार लांब नाही. वर्तुळ इथेही आहे, शेवट सुरुवातीला येऊन मिळतो. पण वर्तुळाची सुरुवातच म्हणण्यापासून होते.

न्यायशास्त्र दहावीच्या मुलीला सांगून उपयोग नव्हता. मी तिला भूमितीची वही काढायला लावली. प्रमेयाखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: पक्ष, साध्य, सिद्धता. मी विचारलं, साध्य आधी का लिहितेस? काय सिद्ध करायचं ते पयलेच सांगून टाकलंस, मग तुझी सिद्धता कोण वाचणार? ती म्हणाली, साध्य माहीत नसेल तर सिद्धतेतली एकेक पायरी कशासाठी आहे ते कळणारच नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं होतं. टॉपिक सेंटेन्स हे परिच्छेदाचं साध्य आहे. ते आधी कळलं की आजोबांचं वाक्य, पावसाचं वाक्य, गाळाचं वाक्य, प्रत्येक वाक्य सिद्धतेतली पायरी होतं. जी पायरी साध्याकडे जात नाही ती आपोआप उघडी पडते. ‘चिल्ड्रन स्विम इन द टँक’ हे तिचं आवडतं वाक्य होतं, पण तलाव आटण्याशी त्याचा संबंध नव्हता. ते काढायचं की त्याला संबंध जोडायचा, हे तिला ठरवावं लागलं. तिने संबंध जोडला. कसा, ते शेवटी सांगतो.

इंग्रजीतही ही शिस्त फार जुनी नाही. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला शिकवणाऱ्या अलेक्झांडर बेन यांनी 1866 साली इंग्रजी रचनेवर पुस्तक लिहिलं आणि परिच्छेदाचे नियम घालून दिले. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने विषय ठळकपणे दाखवावा, हा त्यातला एक. पुढच्या दोन-तीन दशकांत अमेरिकी पाठ्यपुस्तकांनी तो उचलला आणि टॉपिक सेंटेन्स वर्गावर्गात पोहोचलं. मराठीत तर छापील परिच्छेदच त्या काळात स्थिर होत होता. मोडी लिपीतल्या कागदांत शब्दही सुटे नसत. थॉमस कँडी यांची विरामचिन्हांवरची पुस्तिका 1850 ची आहे, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला 1874 मध्ये सुरू झाली. म्हणजे बेन यांच्या पुस्तकानंतर अवघ्या आठ वर्षांनी. दोन्ही भाषा एकाच शतकात परिच्छेद घडवत होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्रजी लिहिणारी मुलं घाबरतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो. हा नियम इंग्रजांच्या रक्तातून आलेला नाही. कुणीतरी शिकवला म्हणून तो रुळला.

आता प्रत्यक्ष काम. चांगलं टॉपिक सेंटेन्स ओळखायची एक कसोटी मी आमच्याच बोलीतून घेतली आहे. वाक्य वाचल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘काहून?’ किंवा ‘कसं?’ निघालं पाहिजे. ‘द वैनगंगा फ्लोज थ्रू भंडारा डिस्ट्रिक्ट.’ यावर कोणी काहून विचारत नाही. वाहते, ठीक आहे. विधान बरोबर आहे, पण त्याच्या पुढे लिहायला काही उरत नाही. ‘द गोसेखुर्द डॅम गेव्ह वॉटर टू सम फार्मर्स अँड टुक लँड फ्रॉम अदर्स.’ आता पवनीकडचा माणूस पुढे सरकून बसेल. कोणाला पाणी मिळालं, कोणाची जमीन गेली, किती वर्षं लागली? 1988 मध्ये धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासूनची उत्तरं गावागावांत आहेत. परिच्छेदाला पुढची सहा वाक्यं त्या एका वाक्याने मिळवून दिली.

सगळ्यात जास्त बिघडतं ते फार मोठं वाक्य घेतल्याने. ‘वॉटर इज लाइफ’ ने सुरू होणारे परिच्छेद मी इतके वाचले आहेत की मोजणं सोडून दिलं. पाणी म्हणजे जीवन हे कोणी नाकारत नाही, पण ते सिद्ध करायला परिच्छेद पुरत नाही, आणि मूल सहाव्या वाक्यापर्यंत समुद्रापासून नळापर्यंत फिरून येतं. त्याला घराजवळ आणायचं. कुठलं पाणी? आमच्या तलावाचं. त्याचं काय? ते आटतं. कधी? मार्चमध्ये. काहून? गाळामुळे. चार प्रश्नांत ‘वॉटर इज लाइफ’ चं खरं टॉपिक सेंटेन्स होतं. पवनीबद्दल लिहिताना ‘पवनी इज अ हिस्टॉरिकल प्लेस’ असंच लिहिलं जातं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला हे वाक्य चिकटवता येईल, आणि जे कुठेही चिकटतं ते इथलं नाही. 1969-70 मध्ये पवनीला उत्खनन झालं आणि जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. मग असं लिहिता येतं: ‘द स्तूपाज ॲट पवनी प्रूव्ह दॅट बुद्धिस्ट्स लिव्ह्ड ऑन द बँक्स ऑफ द वैनगंगा ओव्हर टू थाउजंड इयर्स अगो.’ इथे ‘प्रूव्ह’ हे क्रियापद वाक्याला ओढून नेतं. आपल्या ‘आहे’ च्या सवयीमुळे मुलांचं इंग्रजी ‘देअर इज’ आणि ‘इट इज’ मध्ये अडकतं. टॉपिक सेंटेन्समध्ये काम करणारं क्रियापद शोधा, असं मी आग्रहाने सांगतो: फीड्स, ड्राइज, सेव्ह्ज, डिव्हाइड्स. क्रियापद सापडलं की बहुतेक वेळा म्हणणंही सापडतं.

दुसरी चूक एका वाक्यात दोन म्हणणी कोंबण्याची. ‘मोहाडी इज फेमस फॉर कोसा सिल्क अँड तुमसर हॅज राइस मिल्स.’ दोन्ही खरं, पण हे दोन परिच्छेद आहेत. एकाच परिच्छेदात घालायचे असतील तर दोघांना बांधणारं तिसरं म्हणणं लागेल. उदाहरणार्थ, कोसा आणि धान या दोन्हींवर जिल्ह्यातली किती घरं जगतात, ते. तसं म्हणणं नसेल तर एकाला निरोप द्यावा.

भंडाऱ्याची पितळी भांडी हा मुलांचा लाडका विषय. ‘भंडारा इज फेमस फॉर ब्रास’ पासून आम्ही एकदा सुरुवात केली. मुलांना घरी जाऊन पितळेची भांडी मोजून यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी झाली. रोजच्या स्वयंपाकात जवळजवळ सगळीकडे स्टील, पण आईच्या लग्नात आंदण म्हणून आलेला पितळी गुंड बहुतेक घरांत जपून ठेवलेला. एका मुलाने उभं राहून सांगितलं, “सर, सयपाकघरातून पितळ गेलं, लग्नातून नाही गेलं.” त्याचं इंग्रजी सगळ्यांनी मिळून केलं: ‘स्टील हॅज पुश्ड ब्रास आऊट ऑफ द किचन, बट नॉट आऊट ऑफ द वेडिंग.’ इतकं चांगलं टॉपिक सेंटेन्स मला एकट्याला सुचलं नसतं. ते पुस्तकातून आलं नाही, मोजणीतून आलं. म्हणूनच माझी पद्धत अशी की टॉपिक सेंटेन्स आधी लिहायला लावायचं नाही. कच्च्या कागदावर मराठी मनाला येईल तसं फिरू द्यायचं, सगळं लिहू द्यायचं. शेवटच्या एक-दोन वाक्यांत म्हणणं सापडतंच. ते वर न्यायचं आणि बाकीचं त्याच्यासमोर उभं करून पाहायचं.

परीक्षेत तक्ता किंवा आलेख देऊन परिच्छेद लिहायला सांगतात, तिथेही हेच. ‘द टेबल गिव्हज इन्फर्मेशन अबाऊट’ ने सुरुवात करायला मुलांना पाठ करून दिलेलं असतं. हे वाक्य म्हणजे इंग्रजीतलं ‘बाबत’. तक्त्याकडे मिनिटभर नुसतं पाहायचं. सगळ्यात उंच काय, सगळ्यात खाली काय, काय वाढत गेलं, काय मध्येच कोसळलं? जे डोळ्यात भरलं ते पहिल्या वाक्यात. आकडे मागून येतात.

मग टॉपिक सेंटेन्स नेहमी पहिलंच असतं का? नाही. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी 1974 मध्ये अमेरिकी नियतकालिकांतले 25 लेख घेऊन मोजणी केली, तेव्हा टॉपिक सेंटेन्सने सुरू होणारे परिच्छेद जेमतेम 13 टक्के निघाले. व्यावसायिक लेखक हा नियम बिनदिक्कत मोडतात. काही शिक्षक यावरून म्हणतात की मुलांना उगाच बांधू नका. मला तसं वाटत नाही. ते लेखक वाचकाला बोटाला धरून न्यायला शिकलेले आहेत. पहिलं वाक्य मागे ढकललं तरी वाट हरवू द्यायची नाही, हे त्यांना जमतं. शिकणाऱ्याला आधी वाट आखता आली पाहिजे.

दोन्ही रिती एकत्र कशा नांदतात ते पाहायचं असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं इंग्रजी वाचावं. 1954 साली त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. निवडून आले नाहीत, पण जिल्ह्यात त्यांच्या सभांच्या आठवणी आजही सांगतात. 1936 चं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ उघडा. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, हा समर्थकांचा युक्तिवाद ते आधी पूर्ण ताकदीने मांडतात, अगदी आपल्या पूर्वपक्षासारखा. पण त्याच्याही आधी एका वाक्यात, जातीला अजून समर्थक मिळतात याची खंत ते सांगून टाकतात. म्हणजे पूर्वपक्ष वाचताना लेखक कोणत्या बाजूचा आहे, याची शंका उरत नाही. साध्य आधी, पूर्वपक्ष मग, मग उत्तर. मराठी शाळेतून निघून कोलंबिया आणि लंडनपर्यंत शिकलेल्या या लेखकाने दोन्ही परंपरांतलं बळ घेतलं, असं मला ते वाचताना दरवेळी वाटतं.

त्या मुलीचा तलाव राहिला. मधल्या काळात आम्ही तलावाची माहितीही काढली. आमच्याकडे त्याला मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. यातले बरेच कोहळी समाजाने बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि दरवर्षी गाळ काढून पाळ दुरुस्त करायची गावाची रीत हळूहळू थांबली. आजोबांनी नातीला हेच सांगितलं होतं, पण तिने त्यातलं फक्त ‘व्हेरी ओल्ड’ लिहिलं होतं. आता आजोबांना परिच्छेदात खरं काम मिळालं. तिने दुसऱ्यांदा लिहिलं ते असं:

‘अवर टँक ड्राइज अप बाय मार्च बिकॉज नोबडी रिमूव्ह्ज द सिल्ट. माय ग्रँडफादर सेज द होल व्हिलेज युज्ड टू डिग इट आऊट एव्हरी समर. दॅट वर्क स्टॉप्ड बिफोर माय फादर वॉज बॉर्न. नाऊ द टँक इज सो शॅलो दॅट अ हेवी रेन फिल्स इट इन वन वीक. आफ्टर दिवाळी, द वॉटर ऑल गोज टू द पॅडी. इन 2 ऑर 3 मंथ्स इट इज फिनिश्ड. माय ब्रदर लर्न्ड टू स्विम इन दिस टँक इन एप्रिल. आय कॅनॉट.’